न धुतलेले सातशे अठरा दिवस

३ सप्टेंबर, मंगळवार. दिवस ६४८.

आमच्या निळ्या मंडळाचा नियम असा की, कोरी जीन्स पहिल्यांदा पायात चढवली त्या दिवसापासून वही ठेवायची आणि वहीत खरं तेच लिहायचं. आजवर मी इमानेइतबारे रोज एक ओळ लिहीत आलो. किती तास घातली, मांडीवर घड्या कुठे पडल्या, गुडघ्यामागची घड्यांची जाळी किती उजळली. पाणी लावायचं नाही, चोवीस नोव्हेंबरच्या निवाड्यात कुणाची जीन्स सर्वांत सुंदर विटली ते ठरेपर्यंत, म्हणजे सातशे तीस दिवस. आज मात्र एका ओळीत भागणार नाही. घरात संकट आलंय आणि ते मंडळात बोलण्यासारखं नाही.

माझ्या स्टिरिओत गुणगुण येते.

दुपारी गायिका हामामुरा त्सुयाकोची फेरीबोटीवरच्या गाण्याची तबकडी लावली. या एकाच तबकडीच्या माझ्याकडे अकरा प्रती आहेत, प्रत्येक वेगळ्या छापाची. सर्वांत स्वच्छ वाजते ती सातवी. पहिली १९८६ सालची, माझ्या बायकोनं, सानाएनं दिलेली. तिच्यावर ओरखडे आहेत म्हणून ती मी वाजवत नाही, नुसती ठेवली आहे. तर सातवी लावली, खुर्चीत बसलो. खुर्चीच्या चारही पायांच्या खुणा मी चटईवर चिकटपट्टीनं करून ठेवल्या आहेत, त्या बोटभरही हलत नाहीत. पहिलं कडवं उत्तम गेलं. दुसऱ्यात बाईंच्या आवाजाखालून काहीतरी उठलं. बारीक, ओलसर, घूंऽऽ असं.

बासष्ट वर्षांच्या आयुष्यातली तीस वर्षं मी या यंत्रावर घातली. हे म्हणजे पांढऱ्या भातात खडा लागण्यासारखं झालं.

मी ओरडलो, "अगं सानाए, स्वयंपाकघरात काही चालू आहे का?"

"काही नाही हो!" ती म्हणाली.

आणि गुणगुण बंद झाली. याचा अर्थ अजून लागलेला नाही.

८ सप्टेंबर, रविवार. दिवस ६५३.

शास्त्रशुद्ध चाचणी केली. दुपारी तीन ते पाच स्टिरिओ सोडून घरातलं सगळं विजेचं बंद. भाताचा कुकर, पंखा, फ्रिजसुद्धा. सानाए अंधाऱ्या स्वयंपाकघरात पीच सोलत बसली. "तुम्ही ऐका खुशाल, मी इथेच आहे," म्हणाली. स्वभावानं ती सोशीक आहे.

निष्कर्ष: फ्रिज बंद असताना गुणगुण जास्त स्पष्ट येते. म्हणजे फ्रिज निर्दोष आहे, उलट तो गुणगुण दाबून धरत होता. फ्रिजबद्दल माझा आदर वाढला.

तोटा: फ्रिज परत लावायचं रात्रीपर्यंत राहून गेलं, सुरमईचे तुकडे खराब झाले. बर्फाच्या कप्प्यात पिशवीत घालून ठेवलेली माझी जीन्सही वितळली. महिन्यातून एकदा ती दोन दिवस गोठवायची म्हणजे वास मरतो, ही मंडळाची पद्धत. सानाएनं पिशवी दोन बोटांत धरून माझ्यासमोर आणली. "अहो, ही मेली नाहीये," म्हणाली. मी म्हटलं, वास मरायला वेळ लागतो. आमचं पांढरं मांजर, मामे, माझ्या मांडीवर बसून बसून पोटाखाली निळं झालंय. सानाएनं त्याला उचललं आणि ती निघून गेली.

१५ सप्टेंबर, रविवार. दिवस ६६०.

शेवटी मंडळातल्या दोघांना विश्वासात घेतलं. नान्बा माझा शाळेपासूनचा मित्र, सगळी हयात वीजजोडण्या तपासण्यात गेली. दुसरे आकागी गुरुजी, वय चौऱ्याहत्तर, पूर्वी मागांचे कारागीर, आता मंडळाचे अध्यक्ष आणि निवाड्याचे पंच. तिघेही आपापल्या जीन्समध्ये ताठ बसलो, कारण बावीस महिने न धुतलेल्या जीन्समध्ये दुसऱ्या तऱ्हेनं बसताच येत नाही. सानाएनं तिघांच्या खाली वर्तमानपत्रं पसरली.

नान्बानं मापकयंत्र लावलं. दुसरं कडवं आलं, घूं सुरू झाली आणि नान्बाचा चेहरा उतरला.

"अरे मिझोते, हे वेगळंच आहे. आपल्याकडच्या विजेचा सूर सेकंदाला साठ कंपनांचा, ठरलेला. ही बया दोनशेवर जाते, तीनशेवर जाते, परत खाली येते."

"म्हणजे?"

"म्हणजे गाण्याबरोबर फिरते. वर वर, खाली खाली."

गुरुजींनी डोळे मिटले होते. ते म्हणाले, "तीस वर्षं याच तारांतून हीच गाणी गेली. वीज गाणं शिकली आहे."

नान्बानं चक्क हात जोडले.

एवढ्यात सानाए चहा घेऊन आली आणि गुणगुण थांबली. तिला पाहून वीज थांबते, हे आता तिघांनीही पाहिलं. नान्बाचं मत पडलं की वहिनींच्या अंगात लोह जास्त असावं.

२२ सप्टेंबर, रविवार. दिवस ६६७.

सानाए गल्लीच्या साफसफाईला गेली होती. दोन तास ऐकलं, गुणगुण अजिबात नाही. गल्लीतली सगळी माणसं घराबाहेर असल्यामुळे विजेवरचा भार कमी झाला असणार. नान्बाला कळवलं. तो म्हणाला, "मग पुरावा पक्का. शेजाऱ्यांची वीज तुझ्या विजेत मिसळते आहे. आता एकच उपाय, स्वतःचा खांब."

३० सप्टेंबर, सोमवार. दिवस ६७५.

खांबाचं ठरलं. अंगणात स्वतःचा सिमेंटचा खांब, त्यावर स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, आणि तिथून स्टिरिओच्या खोलीत ताजी, कुणी न वापरलेली वीज. तामाशिमा गावच्या एका दंतवैद्यानं असाच उभारलाय, तो म्हणतो की पहिल्या दिवशी रडू आलं. गाडी बदलायची होती ती आता बदलणार नाही.

जागेचा प्रश्न होता. ठेकेदारानं सगळीकडे पाहिलं आणि सानाएच्या कपडे वाळत घालायच्या दांडीपाशी टाच मारली. "इथे."

"म्हणजे मी कपडे कुठे वाळत घालू?" सानाएनं विचारलं.

"तूर्त घरात घाल."

"बरं. नाहीतरी या घरात एकाचे कपडे धुवायचेच नसतात, तेवढीच जागा वाचते."

हा मुद्दा मला पटला. मी तिला तसं सांगितलंही. तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं.

६ ऑक्टोबर, रविवार. दिवस ६८१. नऊ तास घातली.

आमची मुलगी चिनात्सु हिचं शुहेइ एहारा नावाच्या चांगल्या मुलाशी ठरलंय. आज त्यांच्या घरी पहिली भेट. वर कोट, टाय, खाली जीन्स. सूट घाला म्हणून सानाएनं दोनदा सांगितलं, पण मग गोठवणीशिवायचा एक दिवस वहीत कोरा राहिला असता. शिवाय सहाशे एक्याऐंशीव्या दिवशी ही जीन्स सुटापेक्षा गंभीर दिसते.

एहारांच्या दिवाणखान्यात दुधी रंगाचा सोफा आहे. बोलणी छान झाली. उठलो तेव्हा सोफ्यावर शेजारी शेजारी दोन निळे गोल उमटले होते. अगदी रेखीव. उजव्या गोलात पाकिटाचा चौकोनसुद्धा स्पष्ट आला होता.

सगळ्यांनी सोफ्याकडे पाहिलं. मग एहाराबाई म्हणाल्या, "किती सुंदर रंग आहे." मी म्हटलं, अस्सल नीळ आहे, बारा वेळा बुडवलेली, आणि अजून सुटते म्हणजे सूत जिवंत आहे. चिनात्सु खिडकीबाहेर बघत होती.

परतीच्या गाडीत सानाए पलीकडच्या बाकावर बसली. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, एक तर ती जीन्स धुवा, नाहीतर..." आणि वाक्य अर्धवट सोडून ती आत गेली. तिला बहुधा काहीतरी आठवलं असावं.

८ ऑक्टोबर, मंगळवार. दिवस ६८३.

सानाए थोडे दिवस चिनात्सुकडे ओकायामाला गेली. लग्नाची तयारी आहे म्हणाली. दोन बॅगा नेल्या, हिवाळ्याचा कोट नेला आणि भाताच्या कोंड्यातलं लोणच्याचं मडकंही नेलं. रेल्वेनं अर्ध्या तासाचा प्रवास, त्यात ते मडकं मांडीवर. मी म्हटलं, अगं, थोड्या दिवसांसाठी मडकं कशाला? ती म्हणाली, "त्यात रोज कुणीतरी हात घालून ढवळावं लागतं. नाहीतर ते मरतं."

मडकं तिच्या आईचं आहे. मला हात निळे असताना त्याला शिवू देत नाही.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. दिवस ६९३.

खांब उभा राहिला! दुपारी वीज आली. सातवी प्रत लावली, खुणांवर खुर्ची, खुर्चीवर मी. पहिलं कडवं. दुसरं कडवं.

गुणगुण नाही. नावालासुद्धा नाही.

नान्बाला फोन केला. दोघांनी फोनवर "बान्झाई" म्हणून जयजयकार केला. गल्लीतली माणसं खांबाकडे बघत उभी होती, कुणीतरी विचारलं की पाऊस मोजायचं यंत्र आहे का.

२० ऑक्टोबर, रविवार. दिवस ६९५.

मंडळाचे नऊजण ऐकायला आले. वर्तमानपत्रं कुठे असतात ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे चटई निळी झाली. सगळे म्हणाले, काय ती शांतता. गुरुजी म्हणाले, "या विजेला अजून काहीच येत नाही. कोवळी आहे." जेवायला सगळ्यांना दुकानातले भाताचे गोळे दिले.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. दिवस ७०७.

वहीत खरं लिहायचं म्हणून लिहितो. गाणं पातळ वाटतंय.

तारा बदलल्या. अ‍ॅम्प्लिफायरचे काचेचे दिवे बदलले. तो या दिवसांत छान तापतो. सहा वर्षांपूर्वी त्याची ऊब वाया जाऊ नये म्हणून मी भिंतीतून एक पाईप स्वयंपाकघरात काढला, ओट्याखाली, कारण हिवाळ्यात सानाएचे पाय गार पडतात. आता त्या टोकाला कुणी नाही, सगळी ऊब फुकट जाते. त्या पाईपाचाही परिणाम असेल म्हणून त्यात मोजा कोंबून पाहिला. फरक नाही. अकराही प्रती ओळीनं वाजवल्या, म्हणजे दहा. सगळं जागच्या जागी आहे. बाई गातात, वाद्यं वाजतात, आणि मी ऐकत बसतो.

तिसऱ्या गाण्याला उठून स्वयंपाकघरात गेलो. तिथे काही काम नव्हतं.

जीन्स आता काढून ठेवली की दारात आपल्या पायांवर उभी राहते. येताजाता वाटतं, कुणीतरी आलंय.

६ नोव्हेंबर, बुधवार. दिवस ७१२.

वॉशिंग मशीनच्या साबणाची जागा विचारायला, म्हणजे खरं तर सहजच, चिनात्सुकडे फोन केला. ती म्हणाली, "बाबा, थांबा हं, आईला विचारते," आणि तिनं फोन तसाच टेबलावर ठेवला.

आणि मला ऐकू आली. दुरून, भांड्यांच्या आवाजाआडून. घूंऽऽ. वर गेली, खाली आली. दोनशे, तीनशे. तीच!

मी फोन ठेवला. माझ्या तारांतून हाकललेली गुणगुण ओकायामाला मुलीच्या घरात शिरली आहे. लग्नाआधी तिथेही खांब बसवावा लागणार. चौथ्या मजल्यावर कसा बसवायचा?

९ नोव्हेंबर, शनिवार. दिवस ७१५. सहा तास घातली.

नान्बाचं मापकयंत्र घेऊन ओकायामाला गेलो. कळवलं नव्हतं, कारण कळवलं की दोष लपतो. चौथ्या मजल्यावर चिनात्सुच्या दारापाशी उभा राहिलो. दाराशेजारी स्वयंपाकघराची छोटी खिडकी आहे, ती किंचित उघडी होती. आतून गुणगुण येत होती. स्टिरिओ नाही, स्पीकर नाही.

मी घंटी वाजवली. गुणगुण थांबली.

मी झटकन जिन्यात उतरलो. दारात कुणीतरी आलं, गेलं. थोड्या वेळानं पुन्हा सुरू. पुन्हा वर गेलो, घंटी वाजवली. थांबली. असं तीनदा केलं. तिसऱ्यांदा दुसरं कडवं चालू होतं, आणि शेवटच्या ओळीत जिथे बाई आवाज वर नेतात, तिथे ती गुणगुण अर्धा सूर खाली घसरली.

मला काय आठवलं ते लिहितो. १९८६ साल. समुद्रावरचा पूल अजून व्हायचा होता. उनोहून ताकामात्सुला फेरीबोट जायची आणि तिच्या डेकवर नूडल्सची टपरी होती. टपरीवरची मुलगी रस्सा वाढताना हेच गाणं गुणगुणायची आणि नेमकी याच ओळीत खाली घसरायची. आपण वाट्या मागत राहिलो तर तिचं गाणं संपेपर्यंत तिथे उभं राहता येईल म्हणून मी तासाभरात तीन वाट्या नूडल्स खाल्ल्या होत्या, आणि उतरल्यावर ओकलो होतो. तीस वर्षं मी कान तयार करतोय. तामाशिमाचा दंतवैद्य माझे कान वाखाणतो. मी गाढव आहे.

मापकयंत्र खिशात घातलं आणि दार उघडेपर्यंत उभा राहिलो.

"अहो, तुम्ही? मघापासून तुम्हीच घंटी वाजवताय? वेड लागलंय का?" सानाए म्हणाली. मग तिची नजर खाली गेली. "आणि अजून तीच."

आत चिनात्सुचा पांढरा गालिचा दिसत होता. मी उंबऱ्याबाहेरच राहिलो.

"खांब लागला?"

"लागला."

"मग आता नीट ऐकू येतं ना?"

"नाही. काहीतरी कमी आहे."

"आता आणखी काय कमी पडलं?" तिनं विचारलं. मी खिशातलं मापकयंत्र चाचपलं. तिनं मडक्यातली काकडी डब्यात भरून दाराबाहेर दिली आणि दार लावलं. गाडीत सगळी काकडी खाल्ली.

१२ नोव्हेंबर, मंगळवार. दिवस ७१८.

निवाड्याला बारा दिवस उरले असताना आज सकाळी दहा वाजता मी जीन्स धुतली.

यंत्र कधी चालवलं नव्हतं. पाणी वाया जाऊ नये म्हणून घरात जमलेलं बाकीचंही टाकलं. टॉवेल, चादरी, माझे सदरे, सानाएचा बाह्यांचा पांढरा एप्रन. साबण अंदाजानं घातला. झाकणाच्या काचेतून पाणी आधी आकाशासारखं दिसलं, मग शाईसारखं, मग काहीच दिसेना. सातशे अठरा दिवस त्यात गेले. मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. यंत्रासमोर स्टुलावर बसून होतो.

दांडी नाही, म्हणून खांबापासून पर्सिमनच्या झाडापर्यंत दोरी बांधली. त्या खांबाचा पहिल्यांदा काही उपयोग झाला. शेजारीणबाईंनी वाळवायला म्हणून ताजा ऑक्टोपस दिला, तोही त्याच दोरीवर जीन्सशेजारी ताणून टांगला. फोटो काढून चिनात्सुला पाठवला.

पाच मिनिटांनी तिचा फोन. "बाबा, आई विचारतेय, जीन्स एकटी धुतली की सगळ्यांबरोबर?"

"सगळ्यांबरोबर."

पलीकडे कुजबुज झाली. मग चिनात्सु म्हणाली, "आई निघाली."

१३ नोव्हेंबर, बुधवार.

काल संध्याकाळी सानाए आली, मांडीवर मडकं. निळ्या चादरी पाहिल्या, निळे टॉवेल पाहिले, निळा एप्रन हातात घेऊन उलटसुलट केला. मग ती जमिनीवरच बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला वाटलं होतं रागावेल. हसू थांबल्यावर तिनं जीन्स नाकाशी नेली.

"साबण किती घातलात?"

"पुडा."

"बरं केलंत," ती म्हणाली, आणि मडकं जागेवर ठेवलं.

पाईपातला मोजा मी ती यायच्या आधीच काढला होता.

२४ नोव्हेंबर, रविवार.

आज निवाडा. मी प्रेक्षकांत बसलो. नान्बाला दुसरं बक्षीस. धुतलेल्या जीन्सबद्दल मंडळींनी घरात मयत झाल्यासारखं हळू आवाजात विचारलं.

दुपारी गुरुजी आणि नान्बा घरी आले. सानाएनं वर्तमानपत्रं पसरली आणि निळा एप्रन बांधून ती आत गेली. मी पहिली प्रत काढली, ओरखडेवाली. नान्बाला धक्काच बसला. "अरे, ही तू लावतोस?" मी म्हटलं, आज लावतो.

दुसऱ्या कडव्यात घूं आली. नान्बा ताडकन उठला. "परत आली! मिझोते, खांब वाया गेला रे!"

"गेला," मी म्हटलं.

गुरुजी डोळे मिटून म्हणाले, "बघ, महिन्याभरात हीसुद्धा वीज शिकली."

मी मान हलवली. दोघांनी माझं सांत्वन केलं. दंतवैद्याला विचारू म्हणाले. मी म्हटलं, राहू दे, या वयात आता किती मागे लागायचं.

सानाएला सांगितलेलं नाही. आपण गुणगुणतो हे तिला माहीतच नसावं, आणि सांगितलं तर ती लाजून थांबेल, कायमची. म्हणून ही वही मंडळात दाखवता येणार नाही आणि घरातही उघडी ठेवता येणार नाही. आज ती अकराव्या प्रतीच्या खोक्यामागे ठेवतो.

ते दोघे गेल्यावर तीच तबकडी पुन्हा लावली आणि खुर्ची खुणांवरून उचलून भिंतीपाशी नेली, पाईपाच्या तोंडाजवळ. पलीकडे काकडी चिरल्याचा आवाज येत होता. दुसरं कडवं सुरू झालं, तशी मी स्टिरिओचा आवाज कमी केला.